जाणूनबुजून पत्करलेले अज्ञान

मानवी मनावर प्रयोग करू पाहणाऱ्याची पहिली अडचण अशी, की ज्याच्यावर प्रयोग करावयाचा तो प्रयोगकर्त्याकडे पाहत असतो. रसायनशाळेतील गंधकाम्लाला आपली परीक्षा चालली आहे याची वार्ता नसते. ते परीक्षकाच्या मुद्रेवरून काही ताडीत नाही, काल काय घडले ते आठवीत नाही, आणि सकाळी प्रसन्न व सायंकाळी खिन्न असाही त्याचा स्वभाव नसतो. माणूस मात्र प्रयोगशाळेत पाऊल टाकतो तो आपली झोप, भूक, भीड, अभिमान आणि समोरच्याचे मन राखण्याची जन्मजात सवय बरोबर घेऊनच. त्यामुळे अमुक कारणाने मनावर अमुक परिणाम होतो असे विधान करावयाचे, तर त्याच वेळी आपापला अंमल गाजवीत असलेल्या इतर शेकडो कारणांची काहीतरी तजवीज लावल्यावाचून ते विधान सिद्ध होत नाही. चहा घेतल्याने पाठांतर सुधारते का, हे पाहण्यासाठी चहा दिलेल्या मुलांची परीक्षा सकाळी घेतली आणि न दिलेल्यांची भर दुपारी घेतली, तर हाती आलेला फरक चहाचा की प्रहराचा याचा निवाडा कोणीही करू शकणार नाही. अशा अनाहूत कारणांना मानसशास्त्राच्या परिभाषेत बाह्य चल म्हणतात, आणि त्यांच्या तजविजीला नियंत्रण.

या नियंत्रणाचा इतिहास पाहू गेल्यास त्याचा एक क्रम ध्यानात येतो. संशोधकांनी आधी उजेड, वेळ, आवाज यांसारख्या बाहेरच्या गोष्टी बांधून टाकल्या; मग प्रयोगात भाग घेणाऱ्या माणसाच्या, म्हणजे प्रयुक्ताच्या, समजुतींकडे त्यांचे लक्ष गेले; आणि सर्वांत शेवटी, मोठ्या नाखुशीने, त्यांनी स्वतःकडे पाहिले. अपवाद घडले, पण क्रम साधारणतः हाच. आणि प्रत्येक पायरीवर जे औषध खरोखर लागू पडले ते अधिक सचोटीचे नव्हते, अधिक सूक्ष्म यंत्रांचेही नव्हते. ज्याला उत्तर ठाऊक असता कामा नये त्याला ते ठाऊक होऊ न देणे, एवढेच ते होते.

या युक्तीचा एक अत्यंत जुना व सुंदर दाखला १७८४ सालच्या पॅरिसमधला आहे. व्हिएन्नाहून तेथे आलेल्या मेस्मर नावाच्या वैद्याने प्राणिज चुंबकत्व नामक एका अदृश्य द्रवाचा शोध लागल्याचा दावा केला होता, आणि त्या द्रवाच्या संचाराने रुग्णांना झटके येतात, घाम सुटतो व व्याधी दूर होतात, असे सांगून सारे शहर वेडे करून सोडले होते. सोळाव्या लुईने तपासासाठी नेमलेल्या आयोगात अमेरिकेचे वकील बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, खगोलवेत्ते बायी आणि डॉक्टर गियोताँ यांसारखी मंडळी होती. रुग्णांना झटके येतात की नाही हा त्यांच्यापुढील वादाचा मुद्दाच नव्हता, कारण ते तर सर्वांच्या डोळ्यांदेखत येत होते. प्रश्न एवढाच होता, की ते द्रवामुळे येतात की द्रव येत आहे या समजुतीमुळे.

फ्रँकलिन यांच्या पासी येथील निवासस्थानाच्या बागेत मेस्मरचा शिष्य देस्लाँ याने एका जर्दाळूच्या झाडात आपल्या पद्धतीप्रमाणे चुंबकत्व भरले, आणि त्याने स्वतःच निवडलेल्या बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकामागून एक अशा चार झाडांपाशी नेण्यात आले. त्या चारांत भारलेले झाड नव्हतेच. पहिल्या झाडाला मिठी मारताच मुलाला घाम फुटला व खोकला आला, दुसऱ्यापाशी डोके दुखू लागले, तिसऱ्यापाशी लक्षणे वाढून आपण भारलेल्या झाडाजवळ येत आहोत असे तो सांगू लागला, वस्तुतः तो त्यापासून दूर चालला होता. आणि चौथ्या झाडाखाली तो मूर्च्छित पडला. बागेतील सर्वच झाडांत थोडेफार चुंबकत्व निसर्गतः असते, असा खुलासा देस्लाँने केला, त्यावर तसे असते तर अशा संवेदनशील माणसाला कोणत्याच बागेत फिरण्याची सोय राहिली नसती, असे आयोगाने उत्तर दिले. मुलगा लबाडी करीत नव्हता. त्याचा घाम खरा होता व मूर्च्छाही खरी होती. कारण मात्र झाडात नसून त्याच्या अपेक्षेत होते, आणि ते उघड करण्यासाठी लागला तो केवळ डोळ्यांवरचा एक पट्टा.

पुढे सुमारे शंभर वर्षांनी मानसशास्त्र ही स्वतंत्र विद्या म्हणून उभी राहू लागली, तेव्हा तिच्या उपासकांनी प्रथम हाती घेतला तो सर्व परिस्थिती स्थिर राखण्याचा सरळ मार्ग. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताला स्मरण व विस्मरण मोजावयाचे होते. परंतु कविता पाठ करावी तर तिच्यात अर्थ, लय व पूर्वपरिचय यांची सरमिसळ असते, आणि एक कडवे दुसऱ्यापेक्षा सोपे का गेले हे सांगता येत नाही. म्हणून दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून त्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, मिनिटाला १५० ठोक्यांच्या ठेक्यावर ते वाचण्याचा नेम ठेवला, दिवसाची वेळ शक्य तो एकच राखली, आणि वर्षानुवर्षे स्वतःलाच प्रयुक्त करून जे आकडे जमविले ते १८८५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. विस्मरण आरंभी झपाट्याने व पुढे मंदगतीने होते, हा त्याचा निष्कर्ष आजही टिकून आहे. तरीही या पद्धतीची मर्यादा तिच्यातच दडलेली होती: प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त एकच असल्यामुळे काय निघावयास हवे हे ज्याला ठाऊक होते त्याचेच मन मोजले जात होते, आणि स्वतः एबिंगहाउसलाही या धोक्याची जाणीव होती.

शिवाय काही कारणे अशी असतात, की ती स्थिर राखताच येत नाहीत. एकाच माणसाला आधी एक काम व मग दुसरे काम दिले, तर दुसऱ्या कामाच्या वेळी तो सरावलेला असतो किंवा थकलेला असतो. क्रम तर नाहीसा करता येत नाही. यावर तोड अशी, की अर्ध्या लोकांना आधी पहिले व मग दुसरे काम द्यावे आणि उरलेल्या अर्ध्यांना उलट क्रमाने, म्हणजे सरावाचा लाभ व थकव्याचा तोटा दोन्ही कामांच्या खाती सारखाच जमा होतो. येथे अनिष्ट प्रभाव हद्दपार होत नाही. त्याची फक्त समान वाटणी होते, आणि वजाबाकी केल्यावर तो उरत नाही.

परंतु ज्यांची नावेच आपल्याला ठाऊक नाहीत अशा कारणांची वाटणी कशी करावी? या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्राला फार लवकर सापडले होते, पण त्याचे मोल ओळखण्यास फार वेळ लागला. १८८४ च्या सुमारास अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चार्ल्स पर्स व त्याचा विद्यार्थी जोसेफ जॅस्ट्रो यांनी वजनांतील अतिसूक्ष्म फरक माणसाला जाणवतात की नाहीत याचा तपास केला. प्रयुक्ताला उपकरण दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावला, आणि वजन आधी वाढवावयाचे की आधी घटवावयाचे हे प्रयोगकर्त्याच्या मर्जीवर न सोडता पत्त्यांचा जोड पिसून जे पान येईल त्यावर ठरविले. मनुष्य आपल्या मनाने क्रम ठरवू लागला, की त्यात नकळत काही ठेका येतो आणि समोरचा माणूस नकळत तो ओळखतो. पिसलेल्या पत्त्यांना असा स्वभाव नसतो, ही गोष्ट पर्सने पक्की ओळखली होती.

याच विचाराला शास्त्राचे पूर्ण रूप दिले ते रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने. रॉथम्स्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात अनेक वर्षे काम केलेल्या या गृहस्थाने १९३५ साली प्रयोगांच्या रचनेवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या आरंभीच्या भागात शेतीचा नव्हे तर मानसभौतिकीचा एक प्रयोग उदाहरणादाखल घेतला आहे. एक बाई म्हणते, की पेल्यात आधी दूध घातले होते की आधी चहा, हे मला चवीवरून सांगता येते. तर तिला आठ पेले द्यावेत, त्यांत चार एका प्रकारचे व चार दुसऱ्या प्रकारचे असावेत, हे तिला आधी सांगून टाकावे, आणि ते कोणत्या क्रमाने द्यावयाचे हे निव्वळ यदृच्छेवर सोपवावे. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत. म्हणून नुसत्या अंदाजाने सर्व पेले बिनचूक ओळखले जाण्याचा संभव सत्तरांत एक. आता हरकत अशी निघेल, की दोन पेले कधीच तंतोतंत सारखे नसतात: एकाचा काठ जाड असेल, एकातला चहा कडक उतरला असेल, एक अधिक निवला असेल. फिशरचे उत्तर असे, की अशा भेदांची यादी कितीही लांबविली तरी ती कधीच पुरी होणार नाही, आणि ते सारे नाहीसे करण्याचा अट्टाहास खर्चिक असून निष्फळही आहे. परंतु कोणता पेला कोणत्या वाट्याला जावा हे यदृच्छेने ठरविले, की ज्ञात व अज्ञात अशा कोणत्याही भेदाला एकाच बाजूची तरफदारी करण्यास काही कारण उरत नाही, आणि योगायोगाने झालेली तरफदारी किती मोठी असू शकेल याचाही हिशेब मांडता येतो.

माणसांचे दोन गट पाडून एकाला उपचार देणे व दुसऱ्याला न देणे, आणि कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरविणे, ही आजची रूढ पद्धती याच पायावर उभी आहे. नियंत्रित गटाचे प्रयोजन असे, की काळ, ऋतू, वाढते वय व परीक्षेचा सराव यांमुळे उपचारावाचूनही जो पालट झाला असता तो त्या गटात दिसावा. चिठ्ठ्यांचे प्रयोजन असे, की हुशार वा उत्साही मंडळी एकाच बाजूला गोळा होऊ नयेत. जे स्वखुशीने उपचार घेण्यास पुढे आले त्यांची तुलना न आलेल्यांशी केली, तर उपचाराचे फळ आणि पुढे येण्याच्या वृत्तीचे फळ यांची फारकत करण्याचा उपाय उरत नाही.

येथवर बंदोबस्त झाला तो परिस्थितीचा व प्रयुक्ताचा. प्रयोगकर्ता मात्र अद्याप चौकशीबाहेर होता, आणि त्याला चौकशीत ओढण्याचे श्रेय एका घोड्याकडे जाते. बर्लिनमधील विल्हेल्म फॉन ऑस्टेन हा निवृत्त गणितशिक्षक आपल्या हान्स नावाच्या घोड्याला अनेक वर्षे शाळेतल्या मुलाप्रमाणे शिकवीत होता, आणि हा हान्स बेरीज, अपूर्णांक, तारखा व अक्षरजुळणी यांची उत्तरे खुराचे ठोके देऊन सांगत असे. सप्टेंबर १९०४ मध्ये पशुवैद्य, सर्कसचा व्यवस्थापक, घोडदळाचा अधिकारी व शिक्षक यांसारख्या तेरा जणांच्या एका समितीने सर्व बाजूंनी तपासणी करून निर्वाळा दिला, की यात कोणतीही लबाडी नाही. हा निर्वाळा अक्षरशः खरा होता. आणि नेमका म्हणूनच तो निरुपयोगी होता. समितीने शोध घेतला तो हेतुपुरस्सर केलेल्या खुणांचा. अहेतुक खुणा असू शकतील, हा विचार पुरेसा तपासला गेला नाही.

तो तपासला कार्ल श्टुम्फ या प्राध्यापकाचा सहकारी ऑस्कर फुंगस्ट याने. त्याची युक्ती पासीच्या बागेतल्या युक्तीचीच बहीण होती, फक्त पट्टा आता निराळ्या डोळ्यांवर बांधावयाचा होता. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असेल अशा व नसेल अशा दोन्ही रीतींनी त्याने घोड्याची परीक्षा घेतली. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असताना हान्स दहांतून जवळजवळ नऊ वेळा बरोबर येई. ठाऊक नसताना दहांतून एकदा येण्याचीही मारामार. घोड्याच्या डोळ्यांना झापडे लावून त्याला विचारणारा दिसेनासा केला, तेव्हाही तेच घडले. पुढील निरीक्षणात आढळले, की प्रश्न विचारल्यावर माणूस खुराकडे पाहण्यासाठी किंचित पुढे वाकतो, तेव्हा हान्स ठोके देऊ लागतो, आणि अपेक्षित ठोका पडताच विचारणाऱ्याच्या मनावरील ताण सुटून त्याचे डोके साध्या नजरेला न जाणवेल इतके वर होते, तेव्हा हान्स थांबतो. घोड्याला गणित येत नव्हते. त्याला माणूस वाचता येत होता.

फुंगस्ट एवढ्यावर थांबला नाही, आणि त्याच्या कामाचे खरे मोठेपण येथेच आहे. प्रयोगशाळेत तो स्वतः घोडा झाला, आणि एकूण २५ जणांना मनात संख्या धरावयास सांगून हाताने ठोके देऊ लागला. त्यांपैकी २३ जणांच्या डोक्याची तीच सूक्ष्म हालचाल त्याला पकडता आली, आणि त्यांतील कोणालाही आपण काही कळविले असे वाटले नाही. रहस्य उमगल्यावरही ती हालचाल पूर्णपणे आवरणे स्वतः फुंगस्टला जमेना. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने मानसशास्त्राच्या दप्तरात एक कायमचा दाखला करून ठेवला: जाणीव आणि इच्छाशक्ती यांच्या भरवशावर माणसाला आपली अपेक्षा लपविता येत नाही.

हा धडा गिरवण्यास विद्वानांना आणखी अर्धे शतक लागले. १९६३ साली रॉबर्ट रोझेंथाल व केरमिट फोड यांनी १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितले, की तुमचे उंदीर वाटा शोधण्यात तरबेज अशा वाणाचे आहेत, आणि उरलेल्यांना सांगितले, की तुमचे मंदबुद्धी वाणाचे. वस्तुतः सर्व उंदीर एकाच साठ्यातले होते व वाटणी यदृच्छेने झालेली होती. तरीही ‘हुशार’ उंदरांचे गुण सरस भरले, आणि ते हाताळणाऱ्यांनी आपले उंदीर अधिक गोड स्वभावाचे असल्याचे व आपण त्यांना अधिक प्रेमाने हाताळल्याचे नमूद केले. घोड्याच्या बाबतीत अपेक्षा डोक्याच्या हालचालीतून झिरपली, येथे बहुधा बोटांच्या स्पर्शातून. मार्ग निराळा, प्रकार तोच.

प्रयुक्ताची आज्ञाधारकता कोठवर जाते हे मार्टिन ऑर्न याने १९६२ साली लिहिलेल्या एका लेखात आढळते. संमोहनाचा, म्हणजे मेस्मरच्याच विद्येच्या सुधारलेल्या वंशजाचा, तो अभ्यासक. संमोहित माणूस करतो ते सारे संमोहनामुळेच करतो का, हे ठरविण्यासाठी त्याला असे एखादे काम हवे होते, की जे शुद्धीवरचा माणूस कंटाळून सोडूनच देईल. म्हणून त्याने प्रयुक्तांपुढे २,००० कागद ठेवले, प्रत्येक कागदावर २२४ बेरजा; घड्याळ काढून घेतले, आणि ‘काम चालू ठेवा, मी परत येईन’ एवढे सांगून तो निघून गेला. साडेपाच तासांनंतर हार मानली ती प्रयोगकर्त्याने. पुढे प्रत्येक कागद सोडवून झाला की त्याचे किमान ३२ तुकडे करून टाकावे असा हुकूम दिला, तरीही मंडळी तासन्तास तुकडे करीत बसली. कारण विचारता ती म्हणाली, की ही सहनशक्तीची परीक्षा असावी असे आम्हाला वाटले. म्हणजे प्रयोगाचा हेतू सांगितला नाही तर प्रयुक्त तो स्वतः कल्पितो, आणि मग त्या कल्पिलेल्या हेतूशी इमान राखून वागतो. यावर ऑर्नने योजलेला उपाय मार्मिक आहे: काहींना खरोखर संमोहित करावे, काहींना तसे सोंग वठविण्यास सांगावे, आणि कोण कोणता हे परीक्षकाला कळू देऊ नये, जे दोघांतही सारखेच दिसेल ते संमोहनाचे फळ आहे असे मग म्हणता येणार नाही.

अशा कथांचा मोह शास्त्रज्ञांनाही पडतो, म्हणून एक इशारा येथेच नोंदविला पाहिजे. शिकागोजवळील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात चाललेल्या प्रयोगांवरून, आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे एवढ्या जाणिवेनेच कामगारांचे उत्पादन वाढते, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. परंतु ज्या पाच स्त्री-कामगारांच्या खोलीतील नोंदींवर या समजुतीचा मोठा भार आहे, तेथे विश्रांतीच्या वेळा बदलल्या होत्या, वेतनाची रीत बदलली होती, आणि पाचांपैकी दोघींना मध्येच काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या होत्या. अनिष्ट प्रभावाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण स्वतःच अनिष्ट प्रभावांनी भरलेले निघावे, यावरून या शिस्तीला कोणतीही सूट परवडत नाही हे दिसून येते.

नियंत्रणाची किंमतही मोजावी लागते. पडदा, चिठ्ठ्या, ठेका व मौन यांनी बंदिस्त केलेल्या खोलीत जे सिद्ध होते ते बाजारात, वर्गात व घरात तसेच घडेल याची हमी मिळत नाही. आणि प्रयुक्तापासून हेतू लपविणे हा एका माणसाने दुसऱ्यावर गाजविलेला अधिकार असल्यामुळे, आगाऊ संमती घेणे व प्रयोग संपताच सर्व खुलासा करणे हे आता कर्तव्य मानले जाते. तरीही ही किंमत देणे भाग पडते, कारण दुसरा मार्ग नाही. एखाद्या न्यायाधीशापुढे त्याच्याच नातलगाचा खटला आला तर तो दुसऱ्याकडे सोपविला जातो, आणि त्यात त्या न्यायाधीशाच्या चारित्र्यावर कोणी डाग लावतो असे मानले जात नाही. प्रयोगातील अंधत्वाची व्यवस्थाही तशीच कोणाच्या प्रामाणिकपणावर घेतलेला संशय नव्हे.

महाराष्ट्रात या शिस्तीचा एक स्वच्छ प्रयोग २००८ साली पुण्यात झाला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांच्या साहाय्याने, १०० हुशार विद्यार्थ्यांच्या व १०० मतिमंद मुलांच्या अशा २०० जन्मकुंडल्या गोळा केल्या, आणि भाग घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याकडे त्यांतील यदृच्छेने निवडलेल्या ४० कुंडल्या पाठवून कोणती कोणाची ते ओळखण्यास सांगितले. उत्तरे पाठविणारे २७ ज्योतिषी सरासरी शेकडा ४६ वेळा बरोबर आले; नाणे उडवून ठरविले असते तरी शेकडा ५० अपेक्षित होते. येथे ज्योतिष्यासमोर मुलाचा बाप बसलेला नव्हता, त्याच्या चेहऱ्यावरची चिंता वाचता येत नव्हती, कपड्यांवरून व बोलण्यावरून काही ताडता येत नव्हते. जे काही सांगावयाचे ते फक्त कुंडलीवरून सांगावे लागत होते. ज्योतिष्यांच्या हेतूविषयी एक शब्दही न काढता त्यांच्या विद्येची परीक्षा घेता आली, ती यामुळेच.

या साऱ्या प्रकरणांतून एकच न्याय निघतो. लबाड माणसाला पकडण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही, ते काम चाणाक्ष फौजदारही करू शकेल. प्रयोगशास्त्राची गरज लागते ती सज्जनांसाठी, ज्यांना आपला निष्कर्ष खरा ठरावा असे मनापासून वाटते त्यांच्यासाठी. फॉन ऑस्टेन सज्जन होता, देस्लाँने निवडलेला मुलगा निष्पाप होता, उंदीर हाताळणारे विद्यार्थी व बेरजा करीत बसलेले तरुण यांपैकी कोणाच्याही मनात खोट नव्हती, आणि तरीही प्रत्येकाने आपल्याला हवे ते किंवा दुसऱ्याला हवे ते जगाच्या तोंडून वदवून घेतले. म्हणून एखादी शिक्षणपद्धती, औषध किंवा उपचार गुणकारी असल्याचा दाखला कोणी पुढे करील, तेव्हा तो देणारा किती थोर आहे हे विचारण्याआधी, निकाल तपासणाऱ्याला कोणती गोष्ट ठाऊक नव्हती, हे विचारावे. त्याला सर्व काही ठाऊक होते असे उत्तर आले, तर तो दाखला कितीही आदराने ऐकावा, परंतु पुरावा म्हणून दाखल करून घेऊ नये.